बाबांच्या पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन नाकातून करावं का? सल्ला द्या

आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा ५८ वर्षांचे. डवरणीत बाबांच्या पायाखाली दोन्हीकडची पऱ्हाटी मोडू लागली, बाजूनं आलेला बैल दिसेना. मोतीबिंदू असेल म्हणून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी एकेक डोळा झाकून बोटं दाखवली, समोरची दिसली, कडेची नाही. एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीची, २.४ सेंमीची गाठ निघाली. डॉक्टर नाकातून काढू म्हणतात. आई घाबरली आहे, काका म्हणतात डोकं उघडल्याशिवाय मुळासकट निघत नाही. काय करावं?

उत्तर १
भाऊ, माझीही अशीच गाठ होती, नाकातूनच काढली. पिट्युटरी कवटीच्या तळाशी खोगिरासारख्या खळग्यात असते, तिच्याखाली नाकामागची हवेची पोकळी. त्यामुळं दुर्बिणीनं खालून गेलं की मेंदूला हात न लावता गाठीपर्यंत पोचता येतं. डोळ्यांच्या नसा वरून जातात, त्या दबल्या म्हणून बाबांना कडेचं दिसत नाही.

पण त्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन (पिट्युटरीतून येणारं एक संप्रेरक) तपासलं का, हे आजच विचारा. प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे तेच संप्रेरक जास्त बनवणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच गाठ आकसते, ऑपरेशन लागत नाही.

माझ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकलो आन् नाकातून पाण्यासारखं टपटप गळलं. सर्दी समजून रुमालानं पुसत बसलो होतो. सिस्टरनं पाहिलं आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. ते मेंदूभोवतीचं पाणी होतं. नाकाच्या पडद्याचं अस्तर वळवून भोक बुजवलं. घरी आल्यावर नाक शिंकरू देऊ नका, पोतं उचलू देऊ नका. तहान आणि लघवी एकदम वाढली तरी कळवा.

उत्तर २
मी नागपूरला ईएनटीच्या (कान-नाक-घसा) ऑपरेशन थिएटरात काम करते. काकांचं अगदीच चूक नाही. गाठ बाजूला, मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या पलीकडे पसरली असेल, तर कवटी उघडावी लागू शकते. एमआरआय दाखवून नेमकं तेवढंच विचारा. न्यूरोसर्जन आणि ईएनटी दोघं मिळून करतात का, अशी किती ऑपरेशनं केलीत, हेही विचारा, डॉक्टर रागावत नाहीत. नागपूरला मिहानमधलं एम्स आणि सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, दोन्हीकडे चौकशी करा. रेशन कार्ड, आधार सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्र सांगतील.

दारव्हेकर
प्रोलॅक्टिन तपासलंच नव्हतं. उद्या सकाळी रक्त द्यायला नेतो. आईला खोगिराचं सांगितलं, आता ती जेवली.