जाती, प्रजाती की वंश? कोयनेच्या भेकाच्या निमित्तानं

विचारणा
सह्याद्रीतल्या उभयचरांवर शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लिहितेय. एके ठिकाणी वाचलं, '२००९ मध्ये आंबोलीच्या भेकाची नवी प्रजाती नोंदवली.' दुसरीकडे त्याच वर्षाबद्दल, 'कोयनेचा भेक नव्या प्रजातीत गेला.' म्हणजे एक प्राणी स्वतःच प्रजाती आणि दुसरा प्रजातीच्या आत! हे कसं?

उत्तर
शब्द एकच आहे, अर्थ दोन. मराठी परिभाषेत जीवांची उतरंड कुल (फॅमिली), प्रजाती (जीनस), जाती (स्पीशीज) अशी आहे. म्हणजे प्रजाती वरची आणि जाती तिच्या पोटात. वर्तमानपत्रांत मात्र हिंदीच्या वळणानं सर्रास जातीलाच प्रजाती म्हणतात. एरवी त्यानं फार बिघडत नाही, पण इथे बिघडतं, कारण २००९ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या.

कोयनेच्या भेकाचं (भेक म्हणजे इंग्रजीतला टोड) पहिलं शास्त्रीय वर्णन संशोधक सोमण यांनी १९६३ मध्ये केलं आणि नाव ठेवलं बुफो कोयनायेन्सिस. बुफो हे तेव्हा जगभरच्या भेकांचं भलंमोठं बिऱ्हाड होतं. २००९ मध्ये उभयचरांचे अभ्यासक बिजू आणि सहकाऱ्यांनी आंबोलीच्या भेकाचं वर्णन केलं. हा आणि कोयनेचा, दोघं एकमेकांच्या जवळचे आणि इतर भेकांपासून वेगळे दिसले, म्हणून दोघांसाठी नवं घर मांडलं: झँथोफ्राइन. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा आणि फ्राइन म्हणजे भेक. आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर पिवळे पट्टे असतात, वाघासारखे, म्हणून त्याच्या जातीचं नाव टायगरिना.

म्हणजे आंबोलीची जाती नवी आणि झँथोफ्राइन ही प्रजातीही नवी. कोयनेची जाती मात्र जुनीच, तिचं फक्त घर बदललं. ही हकिकत नावातही दिसते. 'झँथोफ्राइन कोयनायेन्सिस (सोमण, १९६३)' असं लिहिताना सोमणांचं नाव कंसात येतं. कंसाचा अर्थ एवढाच की जाती सोमणांनीच मांडली, पण वेगळ्या प्रजातीत. भित्तिपत्रकावर तो कंस कृपया गाळू नका.

माझं मत विचाराल तर प्रजातीऐवजी 'वंश' लिहावं. प्राणिशास्त्राच्या मराठी लेखनात तो शब्द आहेच, आणि 'जाती' व 'वंश' यांत कुणाचीच गल्लत होत नाही.

विचारणा
वंश आवडला, तोच घेते. पण टायगरिना की टायगरिनस? दोन्ही पाहिलंय.

उत्तर
दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या प्राण्यांसाठी. जातीचं नाव विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं, जसं आपण काळा बेडूक, काळी बेडकी म्हणतो. झँथोफ्राइन स्त्रीलिंगी, म्हणून टायगरिना. पावसाळ्यात ज्याचे नर पिवळेधमक होतात तो शेतातला मोठा बेडूक पूर्वी राना टायगरिना होता. राना स्त्रीलिंगी. तो हॉप्लोबॅट्रॅकस या पुल्लिंगी वंशात गेला आणि टायगरिनस झाला. 'एन्सिस' हा स्थळदर्शक प्रत्यय मात्र पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हींत तसाच राहतो, म्हणून कोयनायेन्सिसला बदलावं लागलं नाही.

विचारणा
शेवटचं. खाली नकाशा आहे, त्याला 'वितरण' असा मथळा दिलाय. चालेल?

उत्तर
'आढळ' लिहा. वितरण म्हटलं की कुणीतरी वाटप करतंय असं वाटतं, धान्याचं किंवा वह्यांचं. बेडूक तिथे कुणी वाटलेले नाहीत, ते तिथे आढळतात. 'आढळक्षेत्र' म्हटलं तरी छान. आणि 'फक्त तिथलाच' हे सांगायला 'स्थानिक' पुरत नाही. स्थानिक प्राणी इतरत्रही असू शकतो. जो त्या भूभागाबाहेर निसर्गात कुठेच नाही तो प्रदेशनिष्ठ. हे दोन्ही भेक सह्याद्रीचे प्रदेशनिष्ठ आहेत. आंबोलीचा तर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो, ऊन पडलं की आटून जाणाऱ्या पाण्यात. इतक्या नेमक्या जागेवर जगणाऱ्या जीवाला 'स्थानिक' म्हणणं मला फार तोकडं वाटतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. नावावरून आढळ ठरवू नका. रावॉर्केस्टेस बॉम्बेयेन्सिस या चिमुकल्या झुडुपी बेडकाचं वर्णन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये केलं ते कॅसल रॉकच्या नमुन्यांवरून. ते ठिकाण आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस या जांभळ्या बेडकाच्या नावात अख्खा सह्याद्री आहे, पण २००३ मध्ये त्याचं वर्णन झालं ते केरळातल्या इडुक्कीच्या नमुन्यावरून, आणि महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तो नाही. नाव विसंगत वाटलं म्हणून ते बदलता येत नाही, तसा नामकरणाचा नियमच आहे.

विचारणा
ओळ बदलली: 'आंबोलीचा भेक ही झँथोफ्राइन वंशातली जाती. सह्याद्रीची प्रदेशनिष्ठ. आढळ: आंबोली परिसर.' कोयनेच्या नावापुढे कंसही ठेवलाय.