हेडरेस्ट किती उंच असावे, आणि मानेला उशी बांधावी का?

प्रश्न (वारजे)

नमस्कार. आमच्या घरी एकच हॅचबॅक असून ती आम्ही दोघे चालवतो. माझी उंची ५ फूट १ इंच आणि यजमानांची ५ फूट ११ इंच. शनिवार-रविवार गाडी त्यांच्याकडे असते, त्यामुळे सोमवारी हिंजवडीला निघताना मी घाईघाईने सीट पुढे ओढते, आरसा फिरवते आणि निघते. हेडरेस्टला मात्र आजवर आम्ही दोघांनीही हात लावलेला नाही.

मागच्या महिन्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना पुढची रांग थांबली म्हणून मी थांबले आणि मागून टेम्पो येऊन आदळला. बंपरला पोचा आला, एवढेच नुकसान दिसत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मान कोणत्याच बाजूला वळेना. हाडाला काही झालेले नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि आठ-दहा दिवसांत बरेही वाटले. तेव्हापासून मात्र माझे लक्ष एका गोष्टीकडे जाते, ती म्हणजे गाडी चालवताना माझे डोके आणि हेडरेस्ट यांच्यामध्ये अख्खी मूठ सहज मावते. ही पोकळी भरायला बाजारात मिळणारी मऊ उशी बांधावी, असे यजमानांचे मत आहे. तसे करावे का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, सहकारनगर)

कृपया उशी बांधू नका. हेडरेस्ट या नावामुळेच गैरसमज होतो. ते डोके टेकून विश्रांती घेण्यासाठी नसून मागून धक्का बसल्यावर डोके अडवण्यासाठी असते. मागून वाहन आदळले की सीट आपली पाठ पुढे ढकलते, पण डोके क्षणभर जागच्या जागीच राहते. त्या क्षणी मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे, म्हणजे मणक्यांची माळ इंग्रजी एस अक्षरासारखी होते, आणि त्यानंतर डोके मागे फेकले जाते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याइतक्या वेळात घडते, त्यामुळे मान आवळून धरायला कोणालाही सवड मिळत नाही. म्हणूनच पोकळी जितकी कमी तितके बरे. मानेच्या खळग्यात बांधलेली उशी ती पोकळी डोक्यामागे भरतच नाही, उलट रोजच्या प्रवासात हनुवटी छातीकडे ढकलत राहते.

एक विचारते, गाडी चालवताना आपण केसांना मोठा क्लचर लावता का? माझ्याकडे मानदुखी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी क्लचर किंवा अंबाडा हेडरेस्टला टोचतो म्हणून सीटची पाठ मागे कलवतात आणि मग रस्ता दिसावा म्हणून मान पुढे काढून बसतात. मुठीएवढे अंतर बहुधा तिथूनच येते.

उत्तर २ (निवृत्त ड्रायव्हिंग प्रशिक्षक, बिबवेवाडी)

ताई, सुरुवात हेडरेस्टपासून करू नका, कारण सीटची पाठ हलली की त्याची जागा आपोआप बदलते. आधी कंबर सीटच्या कोपऱ्यापर्यंत मागे सरकवून बसा. सीट उंच करण्याची सोय असेल तर ती वर घ्या, मात्र डोक्यावर छतापर्यंत मूठभर जागा राहू द्या. मग क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. यानंतर पाठ सरळ करा: खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडले पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटे अंतर हवे, कारण एअरबॅग फुगायला तेवढी जागा लागते. कमी उंचीची माणसे नेमकी इथेच चुकतात आणि स्टिअरिंगला चिकटून बसतात.

हे झाल्यावर हेडरेस्ट. त्याची वरची कड टाळूच्या रेषेत यावी. ते जमत नसेल तर निदान कानाच्या वरच्या टोकाच्या वर असावी. डोके आणि हेडरेस्ट यांत दोन-तीन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. वर ओढल्यावर खाचेत बसल्याचा ‘टक्’ आवाज आला, तरी एकदा हाताने खाली दाबून पाहावे. आपल्या यजमानांचे हेडरेस्ट आजवर सगळ्यात खालच्या खाचेत असेल, तर त्याची कड त्यांच्या मानेशी येत असणार. असे हेडरेस्ट डोके अडवत नाही, त्याच्यावरून डोके मागे उलटते.

उत्तर ३ (सीट डिझाइन, चाकण)

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटना हेडरेस्ट सक्तीचे झाले, पण अंतराचा प्रश्न बसणाऱ्यावर अवलंबून असल्यामुळे तो शिल्लकच राहिला. साब या स्वीडिश मोटार कंपनीने १९९७ मध्ये धक्क्यासरशी स्वतःहून पुढे येणारे हेडरेस्ट आणले आणि व्होल्वोने १९९८ मध्ये धक्का शोषून घेत मागे सरकणारी सीट आणली. आपल्या हॅचबॅकमध्ये असे काही नसेल, तेव्हा पाठ सरळ ठेवणे हाच उपाय.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. सीट कव्हर नंतर बसवलेले असेल, तर हेडरेस्ट उलटे तर बसवलेले नाही ना, हे तपासा. तसेच सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी असेल, तर कव्हरने ती जागा झाकलेली नसावी. मागच्या सीटची हेडरेस्टही वर ओढून ठेवावीत. कित्येक गाड्यांमध्ये ती खाली असताना पाठीला टोचतात, म्हणून लोक ती काढून माळ्यावर टाकतात. प्रत्यक्षात बसणाऱ्याने ती वर ओढावीत, यासाठीच ती तशी टोचतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. आजच गाडीत बसून एकेक गोष्ट पाहिली आणि ड्रायव्हरच्या सीटचे हेडरेस्ट खरोखर उलटे निघाले. कव्हर बसवून घेतल्याला दोन वर्षे झाली, आणि इतक्या दिवसांत आम्हा दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. ते सरळ केले, क्लचर काढून वेणी घातली आणि पाठ दोन खाचा पुढे घेतली. आता मागे दोन बोटे जेमतेम मावतात. पहिले दहा मिनिटे ताठ बसल्यासारखे वाटले, पण चांदणी चौक येईपर्यंत त्याचे काही वाटेनासे झाले. मला दुसरी खाच आणि यजमानांना चौथी असे ठरले असून, सीटच्या रुळावर दोघांच्या जागी नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले आहेत. सासूबाईंचे हेडरेस्ट मात्र माळ्यावर शोधावे लागणार आहे.