रॉयस ग्रेसी आजच्या नियमांत किती टिकेल? मॅटवर तपासायचं कसं?

गार्डवाला_ऐरोली

आमच्या ऐरोलीच्या ग्रॅपलिंग बॅचमध्ये वाद पेटलाय. अर्धे म्हणतात, १९९३ च्या रॉयस ग्रेसीला (ब्राझिलियन जुजुत्सूचा लढवय्या) आजचा कुठलाही नवा लाइटवेट (७० किलो गटातला) पहिल्याच राउंडमध्ये गुंडाळेल. बाकीच्यांचं म्हणणं, ८० किलोच्या आसपासच्या ज्या माणसाने पहिल्या यूएफसीत (मिश्र मार्शल आर्ट्सची अमेरिकन स्पर्धा) एका रात्रीत तिघांना टॅप (हाताने थोपटून हार कबूल) करायला लावलं, त्याला कमी लेखू नका. तोंडी वाद पुरे झाला. रविवारी दोन तास हॉल मिळतोय, तर मॅटवरच करून बघायचंय. एकाने गी (जुजुत्सूचा जाड सुती पोशाख) घालून जुन्या पद्धतीने खेळायचं, दुसऱ्याने शॉर्ट्स आणि रॅशगार्डमध्ये. नियम कसे ठेवावेत म्हणजे तुलना खोटी ठरणार नाही? आणि मुळात नेमकं काय बदललं?

नोगी_कोलशेत

आधी एक चूक टाळा. एकाच्या अंगावर गी आणि दुसऱ्याच्या अंगावर नाही, अशी जोडी लावलीत तर तुम्ही माणूस तपासत नाही, कापड तपासता. सुती गीवर घर्षण मिळतं, त्यामुळे ट्रँगलमध्ये (पायांनी समोरच्याची मान आणि एक हात आवळणं) पाय घसरत नाही आणि मागून चोक (गळा आवळणं) लावताना हात जागेवर राहतो. यूएफसी ४ मध्ये ग्रेसीने सुमारे ११८ किलोच्या डॅन सेव्हर्नला ट्रँगलमध्ये पकडलं, तेव्हा लढतीची जवळपास सोळा मिनिटं झाली होती. शॉर्ट्समध्ये, घामाने निथळताना तोच ट्रँगल तितका वेळ धरून ठेवून दाखवा. आपल्याकडे जुलैत तर तीन मिनिटांत मनगट साबणासारखं निसटतं. आज यूएफसीत गी चालतच नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. पहिल्या स्पर्धांत वेळेची मर्यादा नव्हती, त्यामुळे खाली पाठीवर पडून वाट बघणं परवडायचं. यूएफसी ४ चं थेट प्रक्षेपण ठरलेल्या वेळेपलीकडे गेलं आणि पुढच्याच स्पर्धेत मर्यादा आली. तिथे ग्रेसी आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटं झुंजले, निकाल बरोबरीचा. आज पाच मिनिटांचा राउंड आणि तीन परीक्षक गुण देणारे. तळाला पडून नुसता गार्ड (वरच्याला पायांत अडकवून ठेवणं) धरलात आणि वरचा कोपर मारत राहिला तर राउंड त्याचा.

तिसरा मुद्दा हातमोज्यांचा, याच्याबद्दल कोणी बोलत नाही. उघड्या मुठीने कपाळावर पूर्ण ताकदीने मारलं की स्वतःचाच हात मोडतो. पहिल्या स्पर्धेत जेरार्ड गोर्डोने पहिली लढत २६ सेकंदांत जिंकली आणि हात मोडून घेतला. यूएफसी १४ पासून मोजे सक्तीचे झाले. पट्टी आणि मोजा असला की डोक्यावर सलग मारता येतं, म्हणजे गार्डमध्ये खाली असणाऱ्याची पंचाईत. उलट मोज्यामुळे हात जाड होतो आणि हनुवटीखाली सरकत नाही, म्हणून मागून चोक लावणं आज थोडं अवघडच झालंय.

एवढं झाल्यावर माणसांची तुलना करा.

पट_काढ

कुस्तीच्या बाजूने एक भर. आपला पैलवान चित व्हायला घाबरतो, म्हणून खाली गेला की पोटावर वळतो. तालमीत ते बरोबर. इथे पाठ दिली की गळा गेला. पहिल्या स्पर्धांत तेच व्हायचं: ग्रेसी माउंटवर (समोरच्याच्या पोटा-छातीवर) बसला, थोडे फटके दिले की समोरचा वळायचा. दुसरी सवय एकेरी पटाची (एक पाय धरून पाडायची). डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान वाकलेली ठेवून पटात शिरलात तर गिलोटिन (समोरून मान काखेत धरून गळा आवळणं) आयतं मिळतं. यूएफसीत लढलेल्या आपल्या भरत खंडारेला २०१७ मध्ये शांघायला सॉन्ग यादोंगने गिलोटिननेच हरवलं. डोकं आतल्या बाजूला, त्याच्या बरगडीला टेकलेलं आणि नजर वर ठेवा.

हुक_अँड_होल्ड

कोलशेतवाल्यांचं बरंचसं पटतं, पण 'जुने' म्हणजे फक्त ग्रेसी असं धरून चाललोय आपण. जुन्यांमध्येच दोन पिढ्या आहेत. १९९६ मध्ये कुस्तीगीर मार्क कोलमनने टेकडाउन करून (समोरच्याला खाली पाडून) वरून मारत यूएफसीच्या दोन स्पर्धा जिंकल्या. गार्डमधून त्याला रोखायला तेव्हा कोणाकडे उत्तर नव्हतं. जुलै १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर त्याच्याखाली पडला, मनगटं धरून आणि कंबर हलवत फटके बोथट केले, कोलमनचा दम संपला तसा उठला आणि पायावर लाथा मारत २१ मिनिटांनी निर्णयावर जिंकला. तो सराव फ्रँक शॅमरॉकबरोबर करायचा, ज्याने १९९९ मध्ये टिटो ऑर्टिझला दमवूनच हरवलं. या दोघांची तयारी आजच्या कोचला ओळखीची वाटेल.

ग्रेसीबद्दल अंदाज बांधायचीही गरज नाही, निकाल समोर आहे. २७ मे २००६, समोर यूएफसीचा तेव्हाचा वेल्टरवेट विजेता मॅट ह्यूज, १७५ पौंडांचं ठरवलेलं वजन. ह्यूजने त्याचा हात सरळ करून लॉक लावला, ग्रेसीने टॅप केलं नाही, मग पाठ घेऊन, पालथा पाडून ठोसे. पहिल्याच राउंडला ४:३९ वर खेळ संपला. ग्रेसी ३९ वर्षांचा होता, हे मात्र विसरायचं नाही. १९९३ चा तरुण ग्रेसी कदाचित राउंडभर टिकला असता. जिंकला असता असं मला वाटत नाही, कारण ह्यूजसारखा माणूस वर आल्यावर घाबरून वळत नाही.

रविवारसाठी असं करा:

वजनात तीन-चार किलोंपेक्षा जास्त फरक नको. त्याच जोड्यांना तीन प्रकार खेळवा. पहिला: दोघेही गीत, फटके नाहीत, वेळेची मर्यादा नाही, पण १५ मिनिटांना थांबवा. दुसरा: दोघेही गीशिवाय, पाच मिनिटं, वरच्याने सात औंसाचे मोजे घालून तीस टक्के ताकदीने मारायचं. तिसरा: तसाच, पण सुरुवात भिंतीला पाठ टेकून बसलेल्या स्थितीतून. प्रत्येक प्रकारात एकच गोष्ट लिहा, खालचा माणूस किती वेळात उठला किंवा टॅप मिळवला. क्रम जोडीगणिक बदला, नाहीतर तिसरा प्रकार नेहमी थकलेल्या अंगावर होतो आणि आकडा फसवा येतो.

डोक्याने धडक, केस ओढणं, जांघेत मारणं हे 'जुने नियम' म्हणून कोणी आणायचं नाही. १९९७ मध्ये ते काढले गेले, तिथेच राहू द्या.

गार्डवाला_ऐरोली

मस्त. फक्त आमच्याकडे केज (लढतीचा जाळीचा पिंजरा) नाही, भिंत आहे, तीही थेट सिमेंटची. चालेल?

हुक_अँड_होल्ड

चालेल, पण ४० मिलिमीटरच्या इंटरलॉक मॅट उभ्या लावून भिंत झाका, डोकं आपटतं. केजची जाळी किंचित दबते, भिंत दबत नाही, त्यामुळे खालच्याला रेटा जास्त मिळतो आणि उठणं जरा सोपं जातं. ते हिशेबात धरा.

उठताना क्रम असा: पाठ भिंतीला, एका बाजूला अंडरहूक (त्याच्या काखेखालून घातलेला हात), दुसरा तळवा जमिनीवर कंबरेच्या मागे. मग नितंब भिंतीवरून वर सरकवा, पाय अंगाखाली घ्या आणि त्याचं डोकं रेटत बाजूला व्हा. बहुतेक लोक अंडरहूक न मिळवताच उठायला जातात आणि पुन्हा ओढले जातात. वरच्याला यूएफसीचा माजी लाइटवेट विजेता खबीब नुरमागोमेदोवचा प्रकार करून बघायला सांगा: खालच्याचे दोन्ही घोटे आपल्या पायांत अडकवून त्याला भिंतीलाच बसवून ठेवायचं. गार्ड लावायला पायच मोकळे राहत नाहीत. १९९३ मध्ये हे कोणी करत नव्हतं.

नोगी_कोलशेत

आणि मॅट सरावाआधी व नंतर नीट जंतुनाशकाने पुसा, पूर्ण सुकू द्या, मग गुंडाळा. ओल्या मॅट एकावर एक रचल्या की पावसाळ्यात आख्ख्या बॅचला नायटा होतो. कोणाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्या दिवशी त्याने फक्त घड्याळ बघायचं.