मदत हवी आहे: लांब पळताना पेसचं (एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याचं) भूत मानेवरून उतरत नाहीये

चालतीबोलती
रविवारचा लांबचा रन मजेत करायचा असतो असं सगळे सांगतात, मला ते जमतच नाहीये. निघताना ठरवते की आज घड्याळाकडे बघायचं नाही, पण किलोमीटर संपला की ते मनगटावर थरथरतं, बघितलं जातंच, आकडा बघून मूड जातो, मग पुढचा किलोमीटर आपोआप जोरात आणि शेवटी पाय ओढत घरी. आधी असं नव्हतं. वैताग आलाय. "बघू नकोस" सोडून काहीतरी सांगा प्लीज, ते मलाही कळतं.

बिनघड्याळी
घड्याळ घरी ठेवा. विषय संपला. मी कित्येक वर्षं असाच पळतो.

चालतीबोलती
"बघू नकोस" सोडून असं लिहिलंय वर.

बिनघड्याळी
बघू नका कुठे म्हणालो, घालूच नका म्हणालो.

प्रश्नचिन्ह
लांब म्हणजे किती, १० की ३०? रेस आहे का समोर? मूड जातो तो नक्की कुठला आकडा बघून? यातलं काहीच लिहिलेलं नाही, लोकांनी काय सांगायचं?

चालतीबोलती
१६-१८ किमी. रेस नाही, करायचीही नाही. पूर्वी किलोमीटरला ६:३० मिनिटांनी गप्पा मारत जायचे, आता ७:१५ ला सुद्धा धाप लागते. आकडा म्हणजे पेसच हो, दुसरा कुठला.

ठोकेबाज
पेसची स्क्रीन काढून टाका आणि हार्ट रेट लावा. २२० मधून वय वजा करा, जे येईल तो कमाल हार्ट रेट, त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहायचं, वर गेलं की सरळ चालायचं. सुरुवातीला लाज वाटते पण बेस, म्हणजे दमाचा पाया, असाच तयार होतो. माझं सगळं आयुष्य या टप्प्याने, म्हणजे झोन २ ने, बदललंय.

खडूस
म्हणजे एका आकड्याचं भूत काढून दुसऱ्याचं बसवायचं. आणि २२० वजा वय ही नुसती सरासरी आहे, माणसागणिक १०-१२ ठोके इकडचे तिकडे सहज असतात. त्यात मनगटावरचा सेन्सर मधूनच ठोके सोडून पावलांची लय पकडतो, मग निवांत पळताना १७० दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो.

ठोकेबाज
मग ठोके मोजणारा छातीचा पट्टा वापरा ना. आणि २२० नको असेल तर १८० वजा वय घ्या, येईल तीच ठोक्यांची वरची मर्यादा, मॅफेटोन नावाच्या कोचची पद्धत, त्यावर हजारो लोक पळतात.

खडूस
आज पट्टा, उद्या बोट टोचून रक्तातलं लॅक्टेट मोजा. अहो त्यांना मजा करायचीय. पळताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं की रन निवांत, एवढंच मोजमाप पुरे. एकटं असाल तर स्वतःशी बोला, लोक बघतील तर बघू दे. न्यूझीलंडचे कोच लिडियर्ड तर पीटर स्नेलला, म्हणजे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं गोल्ड घेणाऱ्या माणसाला, रविवारी ३५ किमी पळवायचे. तेव्हा कुठे होती जीपीएस घड्याळं?

बिनघड्याळी
+१

ठोकेबाज
चुकीचं उदाहरण. लिडियर्डचे ते रविवारचे रन डोंगरातले आणि चांगले दमदार असायचे, नुसतं रमतगमत जाणं त्यांना मान्यच नव्हतं.

नवेबूट
शूज किती किमी चाललेत? ५००-८०० किमीनंतर फोम बसतो आणि पाय जड वाटतात. मी नुकतेच कार्बन प्लेटवाले घेतले, उडल्यासारखं वाटतं. लिंक देऊ का?

चालतीबोलती
शूज ठीक आहेत. लिडियर्डपण ठीक आहेत. माझं काय?

तंगडतोड
ताई, ६:३० वरून ७:१५, हे मधे काय झालं? ऊन वाढलं, मोठी गॅप पडली, आजारपण, एखादं औषध? "आधी असं नव्हतं" लिहून तुम्ही पुढे निघून गेलात आणि कोणी विचारलंही नाही.

प्रश्नचिन्ह
मी विचारत होतो.

चालतीबोलती
बीपीची गोळी चालू झालीय, बीटा ब्लॉकर. डॉक्टरांनी पळायला हो म्हटलंय. पण त्याचा इथे काय संबंध, मी सवयीबद्दल विचारतेय.

तंगडतोड
संबंध तोच तर आहे! बीटा ब्लॉकर ठोके वाढू देत नाही, कमाल हार्ट रेटच खाली येतो, त्यामुळे जुना पेस आता जास्त कष्टाचा वाटणार. वरचे दोन्ही फॉर्म्युले तुमच्यासाठी बाद. घड्याळ ठोके कमी दाखवेल आणि तुम्ही "अजून झोनमध्येच आहे" म्हणत दामटत राहाल. खडूस यांची बोलण्याची टेस्ट मात्र चालेल, किंवा १० पैकी ३-४ एवढीच मेहनत वाटली पाहिजे असं धरा. आता सवयीचं. किलोमीटर संपला की थरथरतं ते ऑटो लॅप, ते बंद करा. स्क्रीनवर फक्त वेळ ठेवा आणि १६ किमी नाही, दोन तास पळायचं असं ठरवा. शक्यतो नवीन रस्त्याने, नेहमीच्या रस्त्यावर प्रत्येक खांबाला पूर्वी किती वाजायचे ते पाठ असतं. ठोक्यांची काही मर्यादा ठेवायची का ते डॉक्टरांनाच विचारा, आणि चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं.

नवेबूट
माझ्या मेव्हण्याने ही गोळी सोडली आणि पेस परत आला.

ठोकेबाज
असलं इथे लिहू नका हो. बीटा ब्लॉकर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, बीपी आणि ठोके उसळी मारतात. आणि ताई, गोळीचं माहीत असतं तर मी २२० काढलंच नसतं.

खडूस
पट्टा परत करता येईल का बघा.

चालतीबोलती
तंगडतोड, गोळीचं असं कोणी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं मीच ढिली पडले. पुढच्या तपासणीला विचारते. बाकी ते ऑटो लॅप सापडत नाहीये, सगळे मेनू बघून झाले. कुठे असतं?

प्रश्नचिन्ह
कुठलं घड्याळ आहे?

चालतीबोलती
काळं. गोल आहे.

प्रश्नचिन्ह
मॉडेल हो ताई, मॉडेल.