मदत हवी आहे: मागच्या चाकावरचा गंज रंग मारूनही परत येतोय

औसेकरीण

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला चालवण्यापुरतंच कळतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी हॅचबॅक, 2011 सालची, एमएच 24. आठवडाभर मी शाळेत नेते, शनिवार-रविवार भाऊ शेतावर नेतो. दोन वर्षांपूर्वी मागच्या डाव्या चाकाच्या वरच्या कमानीवर रंगाला मुगाच्या डाळीएवढे तीन-चार फोड आले. लातुरातल्या एका पेंटरनं घासून, लांबी (म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, रंग मारून दिला. साडेतीन हजार घेतले. काम इतकं सफाईदार की जागा शोधूनही सापडत नव्हती.

पहिला पावसाळा झाला आणि त्याच जागी एक फोड. 2025 च्या सप्टेंबरात आपल्याकडं जो पाऊस कोसळला, त्यानंतर तर तळहाताएवढा भाग फुगला. परवा नखानं टोकरलं तर पापुद्रा निघाला, खाली ओली तपकिरी भुकटी.

मला पडलेले प्रश्न असे. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आमचं लातूर. त्या उन्हाळ्यात ही गाडी चार महिने नुसती ओल्या फडक्यानं पुसली. समुद्र इथून कुठल्या कुठं. मग पत्रा कुजतो कसा? तोच पेंटर म्हणतो, परत लांबी भरू. दुसरा म्हणतो, पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागेल, नऊ हजार. मेहुणे म्हणतात विकून टाका. अण्णांसमोर तो विषय काढायची सोय नाही. शिवाय जूनमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात, आरसी रिन्यू करायची आहे. या गंजावर गाडी नापास होईल का?

उंटावरचा

मॅडम, मिस्टरांना घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. असल्या गोष्टी नेटवर सुटत नसतात.

औसेकरीण

मिस्टरांना स्टेपनी कुठं असते ते मीच दाखवलंय. दुसरं काही सुचत असेल तर सांगा.

मांजराकाठ

ताई, घाईनं पैसे देऊ नका. आधी दोन गोष्टी घरीच बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून कमानीवरून फिरवा. चिकटेल तिथं पत्रा आहे, घसरेल तिथं नुसती लांबी. मग जिथं पापुद्रा निघालाय तिथं पेचकसाचं टोक दाबा. टणक लागलं तर गंज वरवरचा आहे. बिस्किटासारखं आत गेलं तर पत्रा संपला, तिथं लांबी भरणं म्हणजे कुजलेल्या दाराला रंग देणं.

आरसीचं: खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म 25, मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत भरता येतो. गाडी समोर नेऊन दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. बघणारा माणूस गाडी रस्त्यावर धोक्याची आहे का ते बघतो. कमानीवरच्या फोडांपेक्षा खालचे भाग महत्त्वाचे: जॅक लावायची जागा, दाराखालची पट्टी, सस्पेन्शन जिथं बॉडीला बसतं ती जागा. तिथं पत्रा मऊ लागला तर मग मेहुण्यांचं ऐका. रंग तोच ठेवा, बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. इन्शुरन्सकडून आशा नको. गंज ही झीज धरतात, क्लेम होत नाही.

पत्रेवाला

वाळूज एमआयडीसीत पेंट शॉपला अकरा वर्षं काढलीत, म्हणून जरा लांब लिहितो.

लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरतं. क्षार असला की तेच काम किती तरी पट वेगानं होतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो खालून रंगाला उचलतो. तुमचा फोड तो हाच.

कारखान्यात गाडीची आख्खी बॉडी फॉस्फेटच्या आणि मग ईडी कोटच्या, म्हणजे विजेनं चढवायच्या प्रायमरच्या, टाकीत बुडवतात. विजेच्या प्रवाहानं तो थर पोकळ्यांत, कोपऱ्यांत, जिथं माणसाचा हात जात नाही तिथंही बसतो. जाडी जेमतेम 20 मायक्रॉन, पण गाडीला खरं तोच सांभाळतो. वरचा पांढरा रंग दिसायला. पेंटरनं ग्राइंडर लावला की तो थर गेला, आणि तो कुठल्याही गॅरेजात परत मिळत नाही. त्याच्या जागी उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर मारायला हवा. बहुतेक जण वेळ वाचवायला थेट लांबी लावतात. लांबी पाणी धरते. वरून रंग चकचकीत, आतून स्पंज.

पण ताई, तुमच्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. एकच कमान, एकाच बाजूला, आणि वर्षाच्या आत परत? हे बाहेरून आलेलं नाही. कमान म्हणजे दोन पत्रे, आतला आणि बाहेरचा, कडेला जोडलेले. मधल्या पोकळीत पाणी साचत असेल तर बाहेरून सोन्याचा मुलामा दिला तरी फोड येणार. पाणी कुठून येतं ते शोधा. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी काढा, डावीकडचं प्लॅस्टिकचं आवरण काढा, आणि काय दिसतं ते सांगा.

नांदेडी मिरची

इतकं काहून करायलाव? आमच्याकडं जुनं इंजिन ऑइल खालून फवारतेत. आज्जाची जीप तशीच टिकली. लै स्वस्तात काम.

पत्रेवाला

जीपचा पत्रा केवढा जाड आणि आजच्या गाडीचा केवढा, ते बघा भाऊ. आजकालचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. आणि तेलानं सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून सैल होतात, शिवाय त्यावर फुफाटा बसून लगदा होतो. तो लगदाच पुढं ओल धरतो.

नांदेडी मिरची

बुशचं खरंय. जीप खडखड वाजायची. आज्जा म्हणायचा इंजिनाचा आवाज आहे.

औसेकरीण

आज रविवार, बसलो सगळे. चुंबक कमानीच्या मधल्या भागावरून सरळ खाली पडलं. पेचकस फार दाबावाही लागला नाही.

आता डिकीचं. कार्पेट वरून कोरडं, खालून ओलं, आणि बंद ट्रंकेला येतो तसला कुबट वास. स्टेपनी काढली तर खालच्या खड्ड्यात चिखल, आणि चिखलात लालसर खडे. प्लॅस्टिकचं आवरण काढलं तर चाकाच्या घुमटामागच्या कप्प्यात तसेच खडे, ओले, एकमेकांना चिकटलेले. चहाच्या कपानं काढले, दोन कप भरले. भाऊ म्हणाला, "सैंधव असेल, आईच्या पिशवीतलं." दोन कप सैंधव! मी काही न बोलता त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाला, "एकदा पोटॅशचं पोतं फाटलं होतं. एकदाच."

आई आतून म्हणाली, "तीनदा."

पाणी कुठून येतं तेही सापडलं. भाच्याला मोबाइलची बॅटरी देऊन डिकीत बसवलं, झाकण लावलं, आणि मी बाहेरून तांब्यानं पाणी ओतत गेले. आधी काचेच्या रबरावर, मग छताच्या पन्हळीवर. काही नाही. डाव्या टेल लॅम्पच्या वरच्या कडेवर ओतलं आणि आतून ओरडला, "मावशी, आलं, आलं! भिंतीवरून यायलंय!" झाकण उघडलं तर लॅम्पच्या मागून एक बारीक धार उतरून बरोब्बर त्या खड्यांच्या कप्प्यात जात होती. लॅम्प काढला. मागचं रबर पापडासारखं कडक झालेलं, एका कोपऱ्यात तुटलेलं.

पत्रेवाला

भाऊ फार चुकला नाही, मीठच ते. पोटॅश खत म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. समुद्रकाठच्या गाड्या ज्या क्लोराइडनं सडतात तेच हे. हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही तो कप्पा ओलाच राहिला असणार. तुम्ही म्हणता समुद्र लांब आहे. 50 किलोच्या पोत्यात भरून डिकीत आणला होता!

पेंटरकडं न्यायच्या आधी एक काम घरीच करा, कारण ते कुणी करून देणार नाही. खडे झाडून काढा आणि तो कप्पा गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवा. कोमट असेल तर उत्तम. बोअरचं पाणी नको, त्यातच क्षार असतात. जारचं पाणी वापरा. कप्प्याच्या तळाला निचऱ्याचं भोक असतं, त्यावर बहुतेक रबरी बूच असेल, ते काढा. क्षार पत्र्याच्या खड्ड्यांत उरला तर वरून गंजरोधक लावा, इपॉक्सी लावा, खालून परत फुलणार. धुऊन झालं की डिकी दोन दिवस उन्हात उघडी.

काम देताना नऊ हजारवाल्याला हे विचारा. वेल्डिंग सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड सोडत विजेच्या तारेनं) करणार की गॅसच्या ज्योतीवर? गॅसनं पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि आजूबाजूचा चांगला रंगही जळतो. सीओटूनं ठिपके-ठिपके मारत, मध्ये थांबत करायचं. बॅटरीची वायर काढूनच. तुमच्या गाडीचं पेट्रोल भरायचं तोंड त्याच बाजूला असेल तर आतला पाइप काढल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका. तुकडा बसला की दोन्ही बाजूंनी इपॉक्सी, जोडावर सीलर, मग हवी तेवढीच पातळ लांबी. शेवटी आतल्या पोकळीत लांब नळीनं मेण फवारायचं. हे शेवटचं बहुतेक गॅरेजांत होत नाही, आग्रह धरा. उभं राहून बघा.

मांजराकाठ

आणि दारंही बघा. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून उतरतं. आपल्याकडचा फुफाटा ती बुजवतो. खराट्याची काडी घाला. काळ्या मातीचे गोळे चाकांच्या आतल्या कडेला बसतात तेही शेतावरून आल्यावर काढत जा. काळी माती वरून वाळली तरी आत आठ दिवस ओल धरते.

खडकी बोअर

मध्येच विचारतो. माझ्या गाडीच्या डिस्क पावसानंतर सकाळी लालभडक दिसतात. बदलाव्या लागतील का?

पत्रेवाला

नाही. उघडं लोखंड आहे, रात्रीत रंग धरतं. चार ब्रेक मारले की साफ. महिनोन् महिने उभी राहून खोल खड्डे पडले असतील तर गोष्ट वेगळी.

उंटावरचा

ते बॅटरीला जोडायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं ना गंज थांबवणारं? ते लावलं की हा सगळा उपद्व्याप नको.

पत्रेवाला

पाण्यात बुडालेल्या जहाजाला, जमिनीत पुरलेल्या पाइपला विजेचा उपाय चालतो, कारण भोवती सगळीकडं ओलावा असतो आणि त्यातून प्रवाह वाहतो. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा आहे. त्या पैशात टेल लॅम्पचं रबर येईल आणि वर चहा-पाणी.

औसेकरीण

उशीर झाला, शाळेत परीक्षा होत्या.

जारच्या पाण्यानं कप्पा सहा वेळा धुतला. पहिल्या दोन वेळी खालच्या भोकातून चहासारखं पाणी आलं, सहाव्या वेळी स्वच्छ. मला ते चाखून बघायचा मोह झाला होता, भाच्यानं ओढलं. दारांच्या भोकांत काडी घातली तर ड्रायव्हरच्या दारातून वाटीभर गढूळ पाणी आणि ज्वारीचं काड निघालं.

काम नऊ हजारवाल्यालाच दिलं. सीओटू म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडं आणि मग भावाकडं बघितलं. भावानं माझ्याकडं बोट केलं. कापलेला तुकडा त्यानं हातात दिला. बाहेरून पांढराशुभ्र, उलटा केला तर पत्र्याची नुसती चाळणी, आणि जुनी लांबी बोटाच्या पेराएवढी जाड. घरी आणून भावाच्या खताच्या कपाटावर ठेवलाय. पोतं न्यायचंच असेल तर आता ताडपत्रीत गुंडाळून, असा ठराव अण्णांनी केलाय. खालची बाकी जागा ठणठणीत निघाली, जॅकची जागाही. पत्र्याला आत-बाहेर इपॉक्सी लागलंय, रंग सोमवारी.

एकच अडलंय. टेल लॅम्पचं रबर लातुरात मिळालं नाही, सोलापूरहून मागवलंय. तोवर लॅम्पच्या कडेनं चिकटपट्टी लावून फिरतेय, पांढऱ्या गाडीवर तपकिरी पट्टी. अण्णा म्हणतात, असली गाडी शाळेच्या गेटात नेऊ नको, बाहेर लाव.