सोसायटीच्या मोकळ्या जागेत बाहेरचे लोक घुसतात : तक्रार रहिवासी करू शकतो की कमिटीच?

चौथा_मजला

जागा पुण्यातली. तीन विंग, ७२ फ्लॅट, नोंदणीकृत सोसायटी. मंजूर नकाशात मागच्या बाजूला खुली जागा दाखवलेली आहे. तिथल्या कंपाउंड भिंतीला सहाएक फुटांचं खिंडार पडलंय. त्यातून रोज रात्री पाच-सात जण आत येऊन दारू पीत बसतात. वॉचमनने हटकलं की "जागा काय तुझ्या बापाची आहे का" हे ठरलेलं उत्तर. शिवाय भिंतीपलीकडच्या भंगारवाल्याने दोन महिन्यांत आपला माल हळूहळू आत सरकवला आणि आता चार खांबांवर पत्रे टाकून शेड उभी केली आहे.

सेक्रेटरी म्हणतात, कमिटीचा ठराव नसेल तर पोलिसांत जाता येत नाही. वर कन्व्हेयन्स (बिल्डरकडून सोसायटीच्या नावे मालकीचं हस्तांतरण) झालेलं नाही, जागा कागदावर बिल्डरची, म्हणून तक्रारही बिल्डरनेच करायची. चौकीत तोंडी विचारलं तर "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा".

१) एकटा सभासद तक्रार देऊ शकतो का? भाडेकरू?
२) दारूवाले आणि भंगारवाला, दोघांसाठी एकच अर्ज चालेल का?
३) अर्जात नेमकं काय लिहायचं?

---

कागदपत्री

सेक्रेटरींचे दोन्ही मुद्दे चुकीचे आहेत. का चुकीचे ते नीट समजून घ्या, कारण ठाण्यात तुम्हाला तेच सांगावं लागणार आहे.

आधी ठरावाचं. गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. अपवाद फक्त जिथे कायद्यातच "अमक्यानेच तक्रार करावी" असं लिहिलंय तिथे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अंतुले विरुद्ध नायक खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे सभासद, त्याच्या घरची माणसं, भाडेकरू, अगदी वॉचमनसुद्धा खबर देऊ शकतो. ठराव लागतो तो सोसायटीच्या नावाने दावा लावायला आणि वकीलपत्रावर सही करायला. या दोन गोष्टींची सरमिसळ करून तक्रारी दाबल्या जातात.

आता मालकीचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ (जुन्या दंडसंहितेत ४४१ आणि ४४७) फौजदारीपात्र अतिक्रमणाचं आहे. त्यात "मालकीची" नव्हे, "दुसऱ्याच्या ताब्यातील" मालमत्ता म्हटलंय. प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचंही असो, ताबा सोसायटीचा आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी त्या जागेतल्या दिव्यांचं कॉमन मीटरचं बिल, माळ्याची व्हाउचरं, टँकरची पावती, भिंतीच्या जुन्या डागडुजीचं बिल आणि भोगवटा प्रमाणपत्रासोबतचा मंजूर नकाशा एवढं पुरतं.

खरी अडचण हेतूची. नुसतं आत येणं हा गुन्हा नाही. अपराध करण्याचा, किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. आणि त्रास "झाला" एवढ्याने भागत नाही, तो देण्याचाच उद्देश असावा लागतो, असं मथ्री विरुद्ध पंजाब राज्य या १९६४ च्या निकालात म्हटलंय. म्हणून चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारणारं पोर यात बसत नाही. "निघा" म्हटल्यावर शिव्या देऊन तिथेच बसणारा बसतो. तुमच्या प्रकरणात वॉचमनचं हटकणं आणि त्याला मिळालेलं उत्तर हाच गाभा आहे. अर्जात ते गाळू नका.

३२९(३) खाली शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, पण दखलपात्र (म्हणजे कोर्टाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येतो असा) आहे. हा शब्द पाठ करून जा. नेहमी काय होतं, तर ठाणे अंमलदार शिवीगाळीचं न्याय संहितेतलं कलम ३५२ लावून एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतात आणि मग तपास होतच नाही. अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) मध्ये लिहिलंय. तेव्हा कलम १७३ खाली एफआयआर मागा. त्याची प्रत मोफत मिळते.

नाहीच घेतला तर १७३(४) प्रमाणे तोच मजकूर टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे पुण्यात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवायचा. तिथेही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्र जोडून १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. मात्र एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला एका वर्षाची मुदत असते. "बघू, दिवाळीनंतर" करत बसलात तर तीही जाईल.

---

पोचपावती

अर्जाच्या मजकुराबद्दल. "काही समाजकंटक वारंवार उपद्रव करतात, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती" असं लिहिलंत की अर्ज फाइलला लागला म्हणून समजा. त्यात ना तारीख, ना माणूस, ना गुन्हा.

असं लिहा (रिकाम्या जागा भरून):

"दि. … रोजी रात्री १०.४० वाजता सोसायटीच्या मागील भिंतीच्या खिंडारातून अंदाजे २५ ते ३० वयाचे पाच इसम आत आले. १०.५५ वाजता ड्युटीवरील वॉचमनने 'ही सोसायटीच्या ताब्यातील खाजगी जागा आहे, बाहेर जा' असे सांगितले. त्यांनी शिवीगाळ करून जाण्यास नकार दिला व ११.५० पर्यंत तेथेच थांबले. त्यांची दुचाकी क्र. … भिंतीबाहेर उभी होती. यापूर्वी असाच प्रकार दि. …, … व … रोजी घडला असून गेट रजिस्टरमधील नोंदींच्या प्रती जोडल्या आहेत."

तीन-चार तारखा पुरे, चाळीस नकोत. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा, पावती नि डिलिव्हरीचा प्रिंट जपा.

प्रकार चालू असतानाच ११२ ला फोन करा. गाडी येईपर्यंत मंडळी पसार झाली तरी कॉलची वेळेनिशी नोंद उरते आणि पुढच्या अर्जात "दि. … रोजी … वाजता ११२ वर कळवले" असं एक भरभक्कम वाक्य मिळतं.

सीसीटीव्हीत लोक हमखास दोन ठिकाणी आपटतात. डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे असतं, मग अर्जातली वेळ आणि फुटेजची वेळ जुळत नाही. स्क्रीन आणि मोबाइल शेजारी धरून एक फोटो काढा, फरक अर्जातच नमूद करा. दुसरं म्हणजे मॉनिटरचं मोबाइलवर केलेलं शूटिंग पुरावा म्हणून देतात. तसं करू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, तीही लगेच, कारण हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. न्यायालयात ते फुटेज लागलं तर साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे भाग अ आणि भाग ब असे दोन भाग असतात, ब तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहायची असते. म्हणून बॅकअप घेतल्यावर फाइलचं नाव बदलू नका, कापाकापी तर अजिबात नको.

खिंडाराजवळ आणि गेटवर पाटी लावा : "खाजगी मालमत्ता. विनापरवानगी प्रवेशास मनाई." मराठीत आणि हिंदीतही. दीड-दोनशे रुपयांची पाटी, पण "आम्हाला माहीतच नव्हतं" हा बचाव तिथेच संपतो.

---

मोजणीदार

कागदपत्रींशी एका बाबतीत सहमत नाही. भंगारवाल्याचं प्रकरण पोलिसांवर सोडू नका. तो "ही माझीच हद्द आहे" म्हणाला की फौजदारी हेतू सिद्ध करणं जड जातं आणि चौकीतला "दिवाणी मॅटर" हा शेरा त्याच्यापुरता निम्मा खरा ठरतो. अर्ज वेगवेगळेच द्या. एकात कोंबलेत तर दारूवाल्यांचा साधासरळ गुन्हाही हद्दीच्या वादात बुडेल.

सगळ्यात आधी मंजूर लेआउट काढून बघा. ती जागा सोसायटीची मनोरंजनाची खुली जागा आहे की महापालिकेला हस्तांतरित केलेली सुविधा जागा? दिसायला दोन्ही सारख्याच, गवत आणि दोन बाक. सुविधा जागा असेल तर तिच्या ताब्याचा दावाच तुम्हाला करता येणार नाही, तक्रार थेट महापालिकेकडे करायची.

जागा तुमची असेल तर पत्र्याची शेड हे विनापरवाना बांधकाम. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघते, तात्पुरत्या स्वरूपाचं असेल तर कलम ५५ आहे. अर्ज द्यायचा बांधकाम विकास विभागाकडे. बहुतेक लोक तो अतिक्रमण विभागात देतात. त्यांचं काम मुख्यतः रस्ते, फुटपाथ आणि सार्वजनिक जागा, त्यामुळे तिथून "खाजगी जागा, आमच्या कक्षेत नाही" असं महिन्याभराने लेखी येतं. तेवढ्यात पत्र्याखाली विटा येतात.

आणि घड्याळ बघा. ताबा गेला असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, आणि त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, फक्त "ताबा आमचा होता, आमच्या संमतीविना काढून घेतला" एवढंच. कन्व्हेयन्स नसलेल्या सोसायटीला याहून सोयीचं कलम नाही. तुमचे दोन महिने गेलेच आहेत. पोलिसांना, महापालिकेला कितीही पत्रं लिहिली तरी ही मुदत थांबत नाही. ती गेली की मालकी हक्काचा लांबचा रस्ता.

हद्द कायम मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून होते, पण अर्जदाराचं नाव अभिलेखात हवं. इथे मात्र बिल्डरचं नाव आडवं येतं. त्याची संमती घ्या, किंवा दाव्यातच कोर्ट कमिशनर नेमून मोजणी मागा. समांतर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज (नमुना ७, जिल्हा उपनिबंधकांकडे) घालून टाका. आज ना उद्या तो करावाच लागणार.

---

सबुरी

काय करू नये तेवढं सांगतो, कारण उत्साही सभासद इथेच अडकतात.

दारूवाल्यांना पकडून क्लब हाउसमध्ये कोंडू नका. सामान्य माणसाला अटकेचा अधिकार (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०) डोळ्यांदेखत घडलेल्या अजामीनपात्र *आणि* दखलपात्र गुन्ह्यापुरता, किंवा उद्घोषित गुन्हेगारापुरता आहे. हा गुन्हा जामीनपात्र. कोंडलंत तर न्याय संहितेचं कलम १२७ (बेकायदा कोंडून ठेवणं) तुमच्यावर लागेल, एक वर्षापर्यंत. टायरची हवा सोडणं, गाडी ओढून नेणं, शेडचे पत्रे उचकटणं हे सगळं नुकसानीच्या कलमात जाऊ शकतं आणि दुसऱ्या बाजूला आयती उलट तक्रार मिळते.

दुसरं, कोणाला घुसखोर म्हणताय ते बघा. सभासदाने किंवा भाडेकरूने बोलावलेला पाहुणा, कामवाली, डिलिव्हरीवाला परवानगीनेच आत आलेला असतो. वीज कंपनीच्या माणसाला वीज कायदा २००३ च्या कलम १६३ नेच प्रवेशाचा हक्क आहे. भाडेकरू पोरांच्या मित्रांना "अतिक्रमण" म्हणून चौकीत खेचणारे महाभाग कमी नाहीत. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर न्याय संहितेचं कलम २१७ आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड.

---

चौथा_मजला

फार उपयोग झाला. दोन अर्ज वेगळे करतो. एक उपप्रश्न : तळमजल्याच्या एका सभासदाने त्याच मोकळ्या जागेत स्वतःच्या खिडकीपुढे जाळी लावून आठ बाय दहाचा तुकडा बंद केलाय. भंगारवाला त्याच्याकडे बोट दाखवतो. त्याच्यावरही हेच कलम लावायचं का? आणि भिंत आधी बांधून घ्यावी का?

---

कागदपत्री

सभासदावर पोलिस नकोत. तो जागेचा सहउपभोक्ता आहे, ३२९ ताणलं जाईल. २०१४ च्या आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) क्र. १६९ पाहा (तुमच्या प्रतीत क्रमांक मागेपुढे असेल) : सामाईक जागा अडवणाऱ्याने ती मोकळी करायची आणि जितका काळ अडवली तितक्या महिन्यांसाठी मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरायची. कमिटीने लेखी नोटीस द्यायची. ऐकलं नाही तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. भंगारवाला बाहेरचा, त्याच्यासाठी दिवाणी न्यायालयच. पण त्या जाळीची नोटीस दावा लावायच्या आधी निघू द्या, नाहीतर समोरचा वकील पहिला फोटो तिचाच दाखवेल.

---

मोजणीदार

भिंत बांधा, फक्त शेडला हात न लावता. तिचं बिल सोसायटीच्या नावाने आणि चेकने. तोही ताब्याचाच पुरावा. पण आधी खिंडाराला टेप लावून, रुंदी वाचता येईल असे फोटो काढा, एक आतून आणि एक शेड दिसेल असा बाहेरून, आणि मगच गवंडी बोलवा.