'क्लिअर कार्ड'मध्ये कथेचे घोडे नेमके कुठे अडले?

निळी_छत्री (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मी आणि माझी धाकटी बहीण यांनी 'कार्डकॅप्टर साकुरा' ही जादूची कार्डे गोळा करणाऱ्या साकुरा या मुलीची 1998 ते 2000 या काळातील 70 भागांची मूळ जपानी अ‍ॅनिमेशन मालिका पुन्हा पाहिली आणि पाठोपाठ 2018 मधील 'क्लिअर कार्ड' या तिच्या पुढच्या मालिकेचे 22 भागही पाहिले. पहिली मालिका संपताना दोघींचे डोळे भरून आले होते. दुसरी मात्र आम्ही उरलेला गृहपाठ उरकावा तशी उरकली आणि मला याचे मनापासून वाईट वाटते आहे, कारण दिग्दर्शक मोरिओ आसाका तेच आहेत, पटकथालेखिका नानासे ओकावा त्याच आहेत आणि मॅडहाउस हा स्टुडिओही तोच आहे. चित्रे तर पूर्वीपेक्षाही देखणी आहेत. पहिल्याच भागात साकुरा माध्यमिक शाळेत जाऊ लागते, बहरलेल्या चेरीच्या झाडांखाली तिचा जिवलग शाओरान हातात अस्वलाचे खेळणे घेऊन उभा असतो आणि आता आपण तिच्या तोमोएदा गावातच राहणार असल्याचे सांगतो. तो प्रसंग पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता.

त्यानंतर मात्र प्रत्येक भागाचा एकच साचा दिसू लागला. शाळेत किंवा घरी काहीतरी विचित्र घडते, साकुरा नव्या जादूने ते कार्ड पकडते, मैत्रीण तोमोयो नव्या पोशाखातील तिचे चित्रीकरण करते आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून डबा खायला बसतात. आठव्या-नवव्या भागाच्या सुमारास बहिणीने मला विचारले, "ताई, साकुरा कुणाला नीट काही विचारत का नाही?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. माणसे तीच असताना कथा इतकी पातळ का झाली असावी, हे जाणकारांनी उलगडून सांगावे, ही विनंती.

पाऊलखुणा

आपल्या बहिणीने दुखऱ्या जागेवर अचूक बोट ठेवले आहे. या मालिकेत नायिका सोडून जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही ठाऊक असते. इंग्लंडमध्ये असलेला तिचा जादूगार मित्र एरिओल तिच्या निरोपांना उत्तर देत नाही, शाओरान काहीतरी मनात ठेवून वावरतो, कार्डांचे रक्षक केरो आणि युए तिच्या पाठीमागे चिंतेने बोलतात आणि तिचा थोरला भाऊ तोयाही स्वतःत झालेला बदल उघड करत नाही. एकही जण ताकास तूर लागू देत नाही. लेखिकेला यातून उत्कंठा वाढवायची असावी. परंतु माहिती दडवून ठेवणे आणि उत्कंठा निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्कंठेसाठी नायिकेला काहीतरी हवे असावे लागते, ते मिळवण्यासाठी तिने पाऊल उचलावे लागते आणि त्या पावलाची किंमत तिला मोजावी लागते. येथे साकुरा पाऊलच उचलत नाही, कारण पाऊल कोणत्या दिशेला टाकायचे हेच तिला कुणी कळू देत नाही.

मूळ मालिकेत पहिल्याच भागात जादूच्या कार्डांचे पुस्तक साकुराच उघडते आणि कार्डे तिच्याच हातून उधळली जातात, त्यामुळे ती गोळा करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. दहा वर्षांच्या मुलीच्या लहानशा चुकीवर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो. 'क्लिअर कार्ड'मध्ये तिला स्वप्ने पडतात, जाग येते तेव्हा जुनी कार्डे पारदर्शक झालेली असतात आणि पुढे हातात नवी किल्लीही येते. हे सगळे तिच्या बाबतीत नुसते घडते.

एक जुना प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे फरक लक्षात येईल. आरशाचे कार्ड साकुराचे रूप घेऊन गावात खोड्या करत फिरते आणि दोष बिचाऱ्या साकुरावर येतो. इथवर हा नेहमीचाच भाग वाटतो. मग ते कार्ड तोयाला काहीतरी हरवल्याचे सांगून रानात नेते आणि ती वस्तू शोधताना तो कड्यावरून घसरून जखमी होतो. ही आपली बहीण नाही हे त्याने केव्हाच ओळखलेले असते. तरीही तो तिच्यावर रागावत नाही, उलट तिचा चेहरा उदास का आहे हे आपुलकीने विचारतो. पुढे साकुरा ते कार्ड पकडते, पण आपल्या मनात घर करून राहतो तो तोयाचा चांगुलपणा आणि त्या कार्डाच्या डोळ्यांतील अपराधीपणा. कितीतरी भागांनंतर तोया त्याच कार्डाला केसांच्या रिबिनी भेट देतो, तेव्हा जुन्या प्रेक्षकाचा गळा दाटून येतो. 22 भागांत मला असे एकही पारदर्शक कार्ड आठवत नाही, ज्याच्यामुळे दोन माणसांमधील नात्याची वीण थोडीशी तरी बदलली.

कोवळे_ऊन

पाऊलखुणा, आपले म्हणणे पटण्याजोगे आहे, तरी एका बाबतीत मला मालिकेची बाजू घ्यावीशी वाटते. संथपणा हा दोष मानू नये. स्वयंपाकघरात केक भाजणे, वडिलांशी होणारे संवाद, मैत्रिणींबरोबरचा डबा हे सगळे या मालिकेचे हृदय आहे आणि मी ते आनंदाने पाहिले. शिवाय व्यवहाराची बाजूही विचारात घ्यावी लागेल. 'क्लॅम्प' या लेखिका-चित्रकारांच्या गटाचा 'क्लिअर कार्ड' मांगा, म्हणजे मालिकेमागची चित्रकथा, 2016 मध्ये 'नाकायोशी' मासिकात सुरू झाला आणि 2023 मध्ये संपला. मालिका आली तेव्हा शेवट छापून येण्यास जवळपास सहा वर्षांचा अवकाश होता. अपुऱ्या कथेवर 22 भाग उभे करायचे असतील, तर पाणी घालून आमटी वाढवावीच लागणार.

पाऊलखुणा

संथपणाविषयी मी आपल्याशी पूर्णपणे सहमत आहे. मूळ मालिकाही संथच होती. अपुऱ्या मांगाचे कारण मात्र मला पुरेसे वाटत नाही, कारण 1998 मध्येही नेमकी हीच अडचण होती. तेव्हा मांगा चालूच होता आणि त्यात क्लो कार्डे, म्हणजे साकुरा गोळा करते ती मूळ कार्डे, 19 होती, मालिकेत ती 52 झाली. म्हणजे निम्म्याहून अधिक कार्डे भर म्हणूनच आली. मेइलिंग हे पात्र तर मांगात मुळीच नाही, ते मालिकेसाठी नव्याने घडवलेले आहे.

आता त्या भरीच्या पात्राला काय मिळाले ते पाहावे. मेइलिंगला जादू येत नाही, ती हट्टी आहे, शाओरानवर हक्क सांगते आणि सुरुवातीला तिचा रागही येतो. पुढे शाओरानचे मन साकुराकडे वळले आहे हे तिच्या लक्षात येते. दुसरे कुणी आवडले तर आपले ठरलेले लग्न मोडायचे, असा शब्द लहानपणी तिनेच त्याला दिलेला असतो आणि तो ती पाळते. हरवलेला पक्षी शाओरानने लहानपणी कसा शोधून आणला, ही आठवण ती तोमोयोला सांगते आणि सांगता सांगता तिच्या मांडीवर डोके ठेवून रडू लागते. त्या भागात जादू जवळपास नाहीच, तरीही माझ्या मते 70 भागांतील सर्वांत उत्कट प्रसंगांपैकी तो एक आहे. आमटी वाढवावी लागली हे खरे, पण तेव्हा त्यांनी पाणी न घालता डाळच वाढवली होती. 'क्लिअर कार्ड'मध्ये हीच मेइलिंग पाहुणी म्हणून येते आणि परत जाते. तिला भेटून आनंद झाला, पण तिच्या येण्याने कथा तसूभरही पुढे सरकली नाही.

निळी_छत्री

मेइलिंगचा तो भाग पाहताना बहीण उठून स्वयंपाकघरात गेली होती आणि बराच वेळ परत आली नव्हती, हे आपले वाचून आठवले. आता एक उपप्रश्न विचारते. 'क्लिअर कार्ड'मध्ये साकुराच्या वर्गात नव्याने आलेली अकिहो आणि तिचा सेवक काइतो यांच्याविषयी मला खरेच कुतूहल वाटले होते. काइतो काळाचे काटे मागे फिरवतो हे दिसते, पण त्याला नेमके काय हवे आहे आणि अकिहोचे पुढे काय होणार, हे 22 भाग संपले तरी भिजत घोंगडेच राहते. मांगात तरी याचा निकाल लागतो का?

रानजाई

मी मांगा शेवटपर्यंत वाचला आहे. ज्यांना तो वाचायचा आहे, त्यांनी माझे उत्तर येथेच सोडून द्यावे.

निकाल लागतो आणि अकिहोची कथा हाच त्या मांगाचा गाभा ठरतो. ती एका जुन्या जादूगार घराण्यात जन्मलेली, पण स्वतःत जादू नसलेली मुलगी आहे. घराणे तिला माणूस न मानता मंत्र साठवण्याचे साधन बनवते आणि तिला त्यातून सोडवण्यासाठी काइतो स्वतःचा जीव पणाला लावतो. दुसऱ्या बाजूला साकुराची जादू इतकी वाढत चालली आहे की, नवी कार्डे नकळत तिच्यातूनच जन्माला येत आहेत. एकीत जादूचा टिपूस नाही, दुसरीत ती मावत नाही, आणि दोघी मैत्रिणी आहेत. साकुराचे किनोमोतो आणि अकिहोचे शिनोमोतो या आडनावांतील साधर्म्यसुद्धा उगाच आलेले नाही.

मला हळहळ वाटते ती याचीच. इतकी समर्थ कल्पना हाताशी होती. स्वतःच्या वाढत्या शक्तीची भीती वाटणारी मुलगी हा माध्यमिक शाळेत पाऊल टाकणाऱ्या कोणत्याही मुलीला जवळचा वाटेल असा विषय आहे. साकुराला हे पाचव्या-सहाव्या भागात कळले असते, तर पुढचे प्रत्येक कार्ड तिच्या मनातील एखाद्या काळजीतून जन्मलेले दाखवता आले असते आणि ते पकडणे म्हणजे त्या काळजीला सामोरे जाणे ठरले असते. मालिकेने हे सत्य तिच्यापासून इतके दूर ठेवले की, तिला घाबरायलाही वाव मिळाला नाही. मांगातही सुरुवातीचा बराच भाग रेंगाळतो, हे मी मान्य करते. तेथे निदान शेवटी फेड होते.

आपल्या बहिणीला वाचनाची आवड असेल, तर तिला मांगाच द्यावा. अकिहोच्या लहानपणाची पाने येतील, तेव्हा मात्र तिच्याजवळ बसावे.